रात्रीची लाईट आणि मनाची तालीम

माझा धाकटा भाऊ मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात शेती करतो. पाच एकर रान, त्यात दीड एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि मागून हरभरा, ज्वारी. मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीला गावी गेलो, तेव्हा चार दिवसांत तो माझ्याशी धड एक वाक्य बोलला नाही. पोरगं पुढ्यात आलं की खेकसायचा. गाडीची किल्ली खिशात असताना घरभर शोधायचा. तिसऱ्या रात्री साडेबाराला त्याचा मोबाईल वाजला. शेजारच्या शेतकऱ्याचा फोन, दोनच शब्दांचा : "लाईट आली." भावाने कानाला मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली आणि हरभऱ्याला पाणी द्यायला निघाला. मीही सोबत गेलो. मोटार चालू करून बांधावर टेकल्यावर तो म्हणाला, "झोपच येत नाही बघ दादा. डोळे मिटले की इचार सुरू होतेत."

मी वीस वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मेंदू कसा शिकतो हे वाचण्याचा नाद मला शिकवण्यातूनच लागला. त्यातलं जे पटलं ते वर्गात आणि घरात करून पाहत आलो. त्यामुळे त्या रात्री अगदी ओठांवर आलं होतं, की रोज दहा मिनिटं शांत बसत जा, श्वासाकडे लक्ष दे, झोपताना मोबाईल लांब ठेव. पण मी बोललो नाही. लाईट आल्याची खबर मोबाईलवरच येते म्हणून तो उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला 'मोबाईल लांब ठेव' म्हणायची मला लाज वाटली.

हा लेख त्या न बोललेल्या वाक्यातून आलेला आहे. रोजच्या लहान सवयींनी मन तंदुरुस्त होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मराठवाड्याला त्याची इतर कुणाहून जास्त गरज आहे, याबद्दलही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सवय ही एकट्या माणसाच्या निश्चयावर उभी राहत नाही. तिला झोप लागते, थोडा मोकळा वेळ लागतो, बसायला जागा आणि सोबतीला माणूस लागतो. हे पुरवणं रस्ता आणि पाणी पुरवण्याइतकंच गावाचं आणि सरकारचं काम आहे.

शरीराच्या बाबतीत आपल्याला हे पूर्वीपासून कळत होतं. गावोगावी तालमी होत्या. मारुतीच्या देवळाशेजारी लाल मातीचा हौदा, शिकवायला वस्ताद, आणि गरिबाचं पोरगं चांगलं खेळत असेल तर त्याच्या खुराकाला चार घरांतून दूध. 'तुझं शरीर तू तुझ्या घरी कमाव' असं कोणी पैलवानाला म्हणालं नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण माणसाच्या पाठीवर हात ठेवतो, 'मन घट्ट कर' म्हणतो आणि आपल्या कामाला निघून जातो. घट्ट कसं करायचं, कुठे करायचं, कोणासोबत करायचं, हे त्याचं त्याने बघायचं.

मन घट्ट होतं म्हणजे मेंदूत काय होतं, हे आता बरंच कळलेलं आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडलं की ज्या चेतापेशी पुन्हापुन्हा एकत्र काम करतात त्यांच्यातला दुवा बळकट होत जातो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी ज्या पाटाने चार वेळा गेलं त्याच पाटाने पाचव्यांदा जातं, आणि दर वेळी पाट थोडा खोल होतो. काळजीचाही असाच पाट पडतो. पण तसाच दुसराही पाडता येतो. लंडनमधल्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर यांनी त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. वय झालं की मेंदू घडायचा थांबतो, ही समजूत आता टिकलेली नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस, असं आपल्याकडच्या प्रत्येक शिबिरात छातीठोकपणे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं. सरासरी निघाली ६६ दिवसांची, आणि माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीचं फारसं बिघडत नाही. आपल्याकडे नेम मोडला की सगळं गेलं असं मानतात. सोमवारी चुकलं की माणूस वर्षभर त्या वाटेला जात नाही. हे ओझं आधी उतरवायला हवं. आणि नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधली की टिकते, हेही तितकंच खरं. देवापाशी दिवा लावला की दहा संथ श्वास. चहाचं आधण ठेवलं की अंगणात एक फेरी. पायलीभर संकल्पापेक्षा हे चिमूटभर बरं.

मी वर्गात केलेली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर माझा फार जीव आहे. आमच्याकडे सगळ्या दुःखाला आता एकच शब्द उरला आहे : टेन्शन. पोराचं लग्न ठरेना, टेन्शन. पाऊस लांबला, टेन्शन. परीक्षा आली, टेन्शन. आणि आपली भाषा किती श्रीमंत आहे पाहा. काळजी वेगळी, घोर वेगळा. धास्ती म्हणजे येऊ घातलेल्या संकटाची. हुरहूर गोड असू शकते, रुखरुख कधीच गोड नसते. खंत झालेल्या गोष्टीची असते, उबग चाललेल्या गोष्टीचा. चिडचिड, घुसमट, जीव टांगणीला लागणं, जीव तुटणं, या प्रत्येकावरचा इलाज निराळा आहे. धास्तीला माहिती लागते, रुखरुखीला माफी लागते, घुसमटीला ऐकणारा कान लागतो. सगळ्यांना 'टेन्शन' म्हटलं की सगळ्यांवर एकच औषध उरतं, आणि ते बहुधा बाटलीत किंवा पुडीत मिळतं.

२००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांनी असं पाहिलं की भीतीचे किंवा रागाचे चेहरे बघताना माणसाने त्या भावनेला शब्द दिला, की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी होते आणि कपाळामागचा विचार करणारा भाग जास्त कामाला लागतो. नाव दिलं की भीती थोडी हातात येते. हे वाचल्यावर मी सातवीच्या वर्गात हजेरी बदलली. 'हजर' म्हणायचं आणि जोडीला आज मनात काय आहे त्याचा एक शब्द. सांगायचा नसेल तर नुसतं 'हजर'. फळ्याच्या कोपऱ्यात शब्दांची यादी वाढत गेली. पहिले पंधरा दिवस सगळे 'आनंद' आणि 'टेन्शन' म्हणायचे. मग हळूहळू पोरं आजीला विचारून शब्द आणू लागली.

दिवाळीनंतर एक दिवस एक मुलगा म्हणाला, "हजर. रुखरुख." त्याचे आईवडील उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ऊसतोडीला गेले होते. टोळीचा ट्रक पहाटे निघाला, आईने त्याला हलवलं, आणि तो झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला, कारण उठला असता तर रडला असता. आता सहा महिने आई दिसणार नव्हती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही माझ्या फोनवरून आईला फोन लावला. ती फडावरच्या कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर, भाकरी थापत होती. फोन दोन मिनिटंच चालला. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला त्याने कोणताच शब्द सांगितला नाही, नुसता हसला.

यात पैसा लागला नाही, उपकरण लागलं नाही. पण वेळ लागला. रोजची सात-आठ मिनिटं. ती मला माहिती भरण्याच्या कामातून आणि फोटो पाठवण्याच्या हुकमातून चोरावी लागली. शिक्षकाने चोरून करावं अशी ही गोष्ट नाही. ती वेळापत्रकात हवी.

आता झोपेचं. मनाच्या तंदुरुस्तीबद्दल जे जे सांगितलं जातं त्या सगळ्याचा पाया झोप आहे आणि आमच्याकडे पायाच उकरलेला आहे. २००७ सालच्याच एका प्रसिद्ध प्रयोगात, एक रात्र जागवलेल्या माणसांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली, तेव्हा त्यांचा अमिग्डाला झोपलेल्या माणसांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के जास्त भडकत होता आणि त्याला आवर घालणाऱ्या भागाशी त्याचा दुवा ढिला पडला होता. माझा भाऊ पोरावर खेकसतो ते त्याच्या स्वभावामुळे नव्हे. स्वभाव मी लहानपणापासून ओळखतो, तो घरातला सगळ्यात गरीब पोरगा होता.

महाराष्ट्रात शेतीची वीज पाळीने मिळत आली आहे, काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीत अंधार, थंडी, साप, विंचू आणि मधेच उडणारा फ्यूज. सकाळी परत गोठा, दूध, डेअरी. याविरुद्ध शेतकरी बोलतात ते जिवाच्या भीतीने आणि कष्टाने, आणि ते खरंच आहे. पण तुटक झोपेने वर्षानुवर्षं मेंदूची जी झीज होते, ती कोणत्याच निवेदनात नसते. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि काही फीडरवर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिन्यांवर, दिवसाची लाईट आलीही. माझ्या मते ही योजना ऊर्जा खात्याची जेवढी आहे तेवढीच आरोग्य खात्याची मानली पाहिजे. ज्या दिवशी गावाचा फीडर दिवसावर येतो, त्या दिवशी त्या गावात मनाच्या आरोग्याचं सगळ्यात मोठं शिबिर भरलेलं असतं.

हाच न्याय लातूरच्या मुलांना. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण तिथल्या खोल्यांवर राहणारे माझे जुने विद्यार्थी 'चारच तास झोपतो सर' असं मेडल दाखवल्यासारखं सांगतात, तेव्हा पोटात कालवतं. दिवसा वाचलेलं हिप्पोकॅम्पस तात्पुरतं धरून ठेवतो आणि रात्री झोपेतच त्याची उजळणी होऊन ते पक्कं होतं. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे पेरून झाल्यावर पाणी तोडणं. क्लासच्या भिंतीवर टॉपरचे फोटो लागतात, तशी रात्री अकराला दिवे बंद करण्याची वेळही लागायला हवी, आणि ती पालकांनीच मागायला हवी.

झोपेवरून माझी मावशी आठवते. ती औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, आणि किल्लारीचा भूकंप. घर सरकारने बांधून दिलं, चांगलं बांधून दिलं. पण मावशी त्यानंतर कितीतरी वर्षं पावसाळा सोडला तर अंगणातच झोपायची, आणि रात्री भांडं पडलं तरी दाराकडे धावायची. भिंती नव्याने उभ्या राहिल्या तेव्हा तिच्या आतल्या पडझडीचा पंचनामा कोणी केला नाही.

मला नेहमी विचारतात, आणि रागाने विचारतात : "सर, मालाला भाव नाही, पीकविमा मिळत नाही, अन् तुम्ही मेंदूच्या व्यायामाचं काय सांगायलात?" हा प्रश्न योग्य आहे. जो कोणी शेतकऱ्याच्या कर्जावर प्राणायामाचा उतारा देतो तो त्याचा अपमान करतो, मग त्याने कितीही गोड आवाजात सांगितलं तरी. पण या प्रश्नाची दुसरी बाजू मला तमिळनाडूच्या ऊसवाल्यांनी शिकवली. २०१३ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. तिथल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली : तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, बिल मिळाल्यावर. तोच माणूस आधी कमी पडला आणि नंतर बरा ठरला. त्याची अक्कल तीच होती. मध्ये फक्त पैशाच्या विवंचनेने मेंदूची जागा व्यापली होती.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, वेळेवर मिळालेलं उसाचं बिल हाही मनाच्या आरोग्याचाच उपाय आहे. दोन, ज्याच्या डोक्यावर सगळ्यात जास्त ओझं, त्यालाच कर्ज कोणाचं काढायचं, विहीर खणायची की नाही, मुलीचं शिक्षण थांबवायचं का, असे सगळ्यात अवघड निर्णय घ्यावे लागतात, आणि तेही जागा व्यापलेल्या मेंदूने. मेंदूत थोडी जागा मोकळी करणारी कोणतीही सवय त्याला चैन म्हणून नको, हत्यार म्हणून हवी. भाव मागायला मोर्चात जाणाऱ्या माणसालाही ताजं डोकं लागतंच.

"दिवसभर राबतो की, अजून चालायचं कशाला?" हाही एक प्रश्न येतो. चालण्याचा फायदा मोजलेला आहे. २०११ च्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वयस्कांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. पण शारीरिक हालचालीचा मनाला होणारा फायदा मोकळ्या वेळेतल्या, आपखुशीच्या हालचालीत जसा दिसतो तसा कामाच्या ओझ्याखालच्या हालचालीत दिसत नाही. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चालणं आणि संध्याकाळी दोस्तासोबत मारुतीपर्यंत जाऊन येणं, पायांना सारखंच असेल, डोक्याला सारखं नाही.

दोस्तासोबत म्हणालो ते मुद्दाम. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. त्याचा अर्थ, फार विचार करणं. आमच्याकडे म्हणतात तसंच : लई इचार करतो, इचार लागलेत. त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेच्या एका वस्तीत चौदा आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक टाकलं. ज्याला विचार लागलेत त्याने येऊन आजीशेजारी बसायचं. आजी उपदेश करत नाही. सगळ्या अडचणींतली एक निवडायला सांगते आणि या आठवड्यात त्यावर कोणतं छोटं पाऊल टाकता येईल ते दोघं मिळून ठरवतात. २०१६ साली ५७३ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनी आजीच्या बाकावर आलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होती.

आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यातही हे झालेलं आहे. 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात ३० गावांत गावातलीच माणसं शिकवून तयार केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहातल्या एका प्रौढाला काही ना काही मानसिक त्रास आढळला आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. हे अंतर नुसत्या डॉक्टरांनी भरणार नाही. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीचा प्रेरणा प्रकल्प १४ जिल्ह्यांसाठी आला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. पण घरोघर जाऊन मनाची चौकशी करायची कोणी, तर आशाताईंनी. लसीकरण, बाळंतपण, सर्व्हे, सगळं त्यांच्याच पिशवीत. कुणाच्या घुसमटीचं ऐकायला अर्धा तास बसायचं तर त्या अर्ध्या तासाचा मोबदला लागतो.

एक सीमा स्पष्ट सांगायला हवी. सवयी तंदुरुस्तीसाठी असतात, आजारावर औषध असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन कशातच रमत नसेल, जेवण आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोलत असेल, तर त्याला 'चालायला जा' म्हणून वाटेला लावायचं नाही. एकटं सोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे सोबत जायचं. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्या शाळेच्या भिंतीवर तो पाढ्यांच्या शेजारी रंगवला आहे.

गावाकडच्या ग्रामसभेत मी यंदा भावाला घेऊन गेलो आणि तीन गोष्टी मांडल्या. फीडर दिवसावर आणण्याचा ठराव, वडाचा पार दुरुस्त करून तिथे संध्याकाळी उजेडाची सोय, आणि आशाताईंच्या सोबतीने ऐकून घेणाऱ्या दोन बायकांना प्रशिक्षण. पहिल्या ठरावाला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला कोणाची हरकत नव्हती, तिसऱ्याला शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही, पण ऐकता येतंय. चालतंय का?" त्यांच्याशेजारी बसलेल्या, तीन वर्षांपूर्वी कर्ता माणूस गमावलेल्या एका ताईंनीही हात वर केला. दोघींची नावं ठरावात लिहिली आहेत. पाराला लाईट लागली आहे. प्रशिक्षण कोण देणार, याचं पत्र तालुक्याला पाठवून दोन महिने झाले, उत्तराची वाट पाहतो आहे.